विश्लेषण : शेतकऱ्यांचे परदेशी अभ्यास दौरे, पनवेल-रायगडच्या शेतकऱ्याला त्यातून काय मिळते?

नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. पनवेल तालुक्यातल्या भातशेतीवरून आता विमाने ये-जा करतात. दुसरीकडे, राज्याचा कृषी विभाग निवडक शेतकऱ्यांना अनुदान देऊन परदेशी अभ्यास दौऱ्यावर पाठवतो. या दौऱ्यांत शेते, संशोधन संस्था, बाजार आणि कंपन्यांच्या भेटी असतात. जोडीला पर्यटनही असते. त्यामुळे ‘अभ्यास कमी, सहल जास्त’ ही टीका या दौऱ्यांच्या पाचवीलाच पुजलेली आहे. ती कितपत खरी, खर्च कोण करतो, पात्र कोण ठरतो आणि ज्यांची जमीन प्रकल्पांत गेली त्यांचे काय, याचा हा आढावा.

योजना नेमकी काय आहे?

शेतकऱ्यांनी इतर देशांतील पीकपद्धती, प्रक्रिया उद्योग, बाजारव्यवस्था आणि निर्यातीची साखळी प्रत्यक्ष पाहावी, तिथल्या शेतकऱ्यांशी आणि शास्त्रज्ञांशी बोलावे, हा योजनेचा उद्देश. अनेक वर्षांपासून ती राबवली जाते. नेदरलँड्स, जर्मनी, इस्रायल, जपान, मलेशिया, व्हिएतनाम, फिलिपिन्स, चीन, दक्षिण कोरिया ही नावे वेगवेगळ्या वर्षांच्या यादीत दिसतात. अर्ज तालुका कृषी अधिकारी कार्यालयामार्फत जातात, जिल्हा पातळीवर निवड होते आणि अर्ज जास्त आले तर सोडत काढली जाते. दौऱ्याचे आयोजन कृषी आयुक्तालयाने निवडलेली प्रवासी कंपनी करते. गटासोबत कृषी विभागाचा अधिकारी असतो.

म्हणजे ही ना निव्वळ सरकारी सहल, ना निव्वळ खासगी पॅकेज. सरकारी अनुदान, शेतकऱ्याचे स्वतःचे पैसे आणि खासगी प्रवासी कंपनीचे नियोजन असे हे तिहेरी मिश्रण आहे. दौऱ्यात काय पाहिले जाईल, हे या तिघांपैकी कोणाचा शब्द चालतो यावर ठरते. आणि शेतकरी बहुतेक वेळा त्यात शेवटचा असतो.

खर्च कोणाच्या खिशातून जातो?

‘सरकारी खर्चाने परदेश’ हा समज अर्धवट आहे. अनुदान एकूण खर्चाच्या ५० टक्के असते आणि त्यालाही कमाल मर्यादा असते. अनेक वर्षे ही मर्यादा प्रति शेतकरी १ लाख रुपये होती. अर्ज करताना त्या वर्षीच्या मार्गदर्शक सूचनांतील आकडा पाहणे म्हणूनच महत्त्वाचे.

समजा, दौऱ्याचा खर्च ४ लाख रुपये आहे. निम्मे म्हणजे २ लाख. पण मर्यादा १ लाखाची असेल, तर सरकारचे १ लाख आणि शेतकऱ्याचे ३ लाख. मर्यादा २ लाखांची असेल, तरी २ लाख रुपये शेतकऱ्यालाच उभे करावे लागतात. शिवाय पैसे आधी भरायचे आणि अनुदान दौरा झाल्यावर खात्यात जमा होणार, अशी ही पद्धत आहे. हातात रोकड नसलेला छोटा शेतकरी इथेच मागे पडतो. नियमात कुठेही ‘मोठ्या शेतकऱ्यांसाठी’ असे लिहिलेले नसले, तरी पैशांचे गणित गाळणीचे काम करते.

कराचा एक बारकावाही आहे. परदेशी सहलीच्या पॅकेजवर प्रवासी कंपनी ‘टीसीएस’, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा कर घेते. २०२५-२६ मध्ये हा दर १० लाख रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावरील रकमेवर २० टक्के होता. २०२६-२७ च्या अर्थसंकल्पात तो सरसकट २ टक्के करण्यात आला. ४ लाखांच्या पॅकेजवर २ टक्क्यांनी ८ हजार रुपये होतात. हा कर बुडीत नसतो. विवरणपत्र भरल्यावर तो देय करात वळता होतो किंवा परत मिळतो. मात्र शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने अनेक शेतकरी विवरणपत्र भरतच नाहीत. त्यांनी त्या वर्षापुरते तरी ते भरले नाही, तर हे पैसे सरकारकडेच राहतात. पॅन कार्ड नसेल तर कराचा दर आणखी वाढतो.

पात्र कोण आणि पनवेलमध्ये अडचण कुठे?

अर्जदाराच्या नावावर जमीन हवी, चालू सातबारा आणि आठ-अ उतारा हवा, उत्पन्नाचे मुख्य साधन शेती हवे, वैध पासपोर्ट हवा. वयाची २५ वर्षे पूर्ण असावीत. नोकरदार, डॉक्टर, वकील, अभियंता, कंत्राटदार यांना योजनेतून वगळलेले असते. एका कुटुंबातून एकालाच संधी मिळते आणि यापूर्वी सरकारी मदतीने परदेश दौरा केलेला नसावा, अशी अट असते.

कागदावर या अटी रास्त आहेत. पण पनवेलमध्ये ‘शेतकरी कोण’ हा प्रश्नच गुंतागुंतीचा झाला आहे. विमानतळ प्रकल्प १,१६० हेक्टरवर उभा आहे आणि त्यासाठी दहा गावे हलवण्यात आली. प्रकल्पबाधितांना भरपाई म्हणून २२.५ टक्के विकसित भूखंड देण्याचे धोरण २०१३ मध्ये ठरले. त्याआधी सिडकोच्या संपादनाविरोधात जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात आंदोलन पेटले, पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. या दोन्ही योजनांत हाती येतो तो भूखंड, शेतजमीन नव्हे. त्यामुळे ज्याच्या जमिनीवर धावपट्टी झाली, त्याच्याकडे या दौऱ्यासाठी लागणारा सातबाराच उरत नाही.

‘नैना’ क्षेत्रातील गावांत चित्र आणखी वेगळे आहे. विमानतळाच्या प्रभावक्षेत्राची ही अधिसूचना जानेवारी २०१३ मध्ये निघाली. तिथल्या नगररचना परियोजनांत जमीनमालकाला ४० टक्के अंतिम भूखंड मिळतो आणि उरलेली जमीन रस्ते, उद्याने, सार्वजनिक सुविधांसाठी जाते. प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत सातबारा नावावर असतो, म्हणजे शेतकरी कागदोपत्री पात्र ठरतो. पण पुढच्या काही वर्षांत शेत राहणारच नसेल, तर त्याने कोणत्या पिकाचा अभ्यास करायचा? अशा गावांत आजची शेती आणि उद्याचा व्यवसाय यांना जोडणारा दौरा अधिक उपयोगी ठरेल. रोपवाटिका, शोभेची झाडे, प्रक्रिया, साठवणूक, कृषी पर्यटन हे त्यातले काही पर्याय. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणात किमान एक एकर क्षेत्र असलेल्या शेतकऱ्यालाही केंद्र सुरू करता येते.

महिलांचा प्रश्न याच कागदाशी अडतो. लावणीपासून झोडणीपर्यंत राबणाऱ्या बाईचे नाव सातबाऱ्यावर नसेल, तर ती या योजनेच्या लेखी शेतकरीच नाही. पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्यासाठी महसूल विभागाची ‘लक्ष्मी मुक्ती’ योजना आहे. दौऱ्याची जाहिरात निघण्याआधीच हे काम करून ठेवणे शहाणपणाचे.

दौऱ्यात अभ्यास किती, पर्यटन किती?

पर्यटन असणे हाच दोष, असे मानण्याचे कारण नाही. आठ-दहा दिवस परक्या देशात राहणाऱ्या माणसाने एखादा किल्ला, बाग किंवा सरोवर पाहिले तर बिघडले काय? शिवाय निम्म्याहून अधिक पैसे तोच भरतो. नेदरलँड्समधील कोकेनहोफची ट्यूलिप बाग पर्यटनस्थळ आहे, तशीच ती तिथल्या कंद उत्पादकांची जाहिरातही आहे. वसंतातले जेमतेम आठ आठवडे उघडणारी ही बाग जगभरचे ग्राहक खेचून आणते. नजर असेल तर तिथेही विपणनाचा धडा मिळतो.

खरा प्रश्न ‘अभ्यास भेट’ कशाला म्हणायचे हा आहे. हरितगृहे, ठिबक संच किंवा यंत्रे विकणाऱ्या कंपनीच्या दालनात दोन तास घालवणे ही भेट कार्यक्रमपत्रिकेत ‘तंत्रज्ञान पाहणी’ म्हणून नोंदली जाते. प्रत्यक्षात ते विक्रीचे सादरीकरण असते. तिथे उत्पादनाचे गुण कळतात. पण तेच यंत्र वापरणाऱ्या शेतकऱ्याचे कर्ज किती, वीजबिल किती, मजूर कुठून येतात, फसलेल्या हंगामात काय झाले हे कळत नाही. ते सांगतो वापरणारा शेतकरी. म्हणून व्यावसायिक भेटींत विकणारा आणि वापरणारा दोघेही असले पाहिजेत.

नेदरलँड्समधील आल्समेरचा फूलबाजार हे चांगल्या अभ्यास भेटीचे उदाहरण. तिथल्या लिलावात घड्याळाचा काटा वरच्या भावापासून खाली उतरतो आणि जो खरेदीदार आधी बटण दाबतो त्याला माल मिळतो. भाव सगळ्यांना एकाच वेळी दिसतो. वाशीच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून ठरणारा भाव कोकणातल्या आंबा बागायतदारांनी अनुभवलेला आहे. त्यामुळे हा फरक त्यांना समजावून सांगावा लागत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा बाजार चालवणारी रॉयल फ्लोराहॉलंड ही फूल उत्पादकांचीच सहकारी संस्था आहे. साखर कारखान्यापासून दूध संघापर्यंत सहकार पाहिलेल्या महाराष्ट्राच्या शेतकऱ्याने तिथे विचारायचा प्रश्न फुलांचा नाहीच. संस्था उत्पादकांच्या हातात इतकी वर्षे कशी राहिली, हा आहे.

रायगडच्या शेतकऱ्याने कोणता देश पाहावा?

अर्ज करताना युरोपकडे ओढा असणे स्वाभाविक आहे. पण रायगड हा भाताचा जिल्हा. इथे पाऊस भरपूर, जमिनीचे तुकडे लहान आणि खाडीलगतच्या पट्ट्यात खारे पाणी शेतात शिरण्याची भीती कायमची. बांध फुटला किंवा उघाडी नादुरुस्त झाली की काही हंगाम जमीन पिकत नाही. स्वित्झर्लंडचा गोठा पाहून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

ते मिळण्याची शक्यता व्हिएतनाममध्ये आहे. मेकाँग नदीच्या त्रिभुज प्रदेशात कोरड्या महिन्यांत समुद्राचे पाणी आत येते. तिथल्या किनारी भागातील शेतकरी त्या काळात त्याच शेतात कोळंबी वाढवतात आणि पावसाने मीठ धुऊन निघाले की भात लावतात. खारेपाटात भातशेतीच्या जोडीला तळ्यात जिताडा पाळणाऱ्या रायगडकरांना ही कल्पना परकी वाटणार नाही. पण तिथली पद्धत जशीच्या तशी आणणे धोक्याचे. खारे पाणी आत घ्यायचे की नाही हे एकट्या शेतकऱ्याने ठरवून चालत नाही, शेजाऱ्याचा भात जळतो. त्यामुळे पाणी कधी घ्यायचे, कधी सोडायचे याचे नियम गाव कसे ठरवते, हीच तिथे पाहण्याची मुख्य गोष्ट.

दुसरा देश फिलिपिन्स. लॉस बान्योस येथे १९६० मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था आहे. १९६६ मध्ये तिथून आलेल्या ‘आयआर-८’ या वाणाने आशियातील भातशेतीचे उत्पादन बदलून टाकले. क्षारसहनशील आणि पाण्याखाली तग धरणारे वाण हा या संस्थेच्या कामाचा मोठा भाग आहे.

जे इथेच दिसते, त्यासाठी परदेश कशाला?

अर्ज भरण्याआधी प्रत्येकाने विचारावा असा हा प्रश्न. खुद्द पनवेलमध्ये दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे खारजमीन संशोधन केंद्र आहे. खाऱ्या जमिनीत तग धरणारे ‘पनवेल-१’, ‘पनवेल-२’, ‘पनवेल-३’ हे भाताचे वाण त्याच केंद्राचे. पनवेलचे नाव विमानतळाआधी भाताच्या वाणाला लागले, हे तालुक्यातल्याच अनेकांना माहीत नसते. कर्जतला याच विद्यापीठाचे भात संशोधन केंद्र आहे. फिलिपिन्सच्या भात संस्थेचे दक्षिण आशिया केंद्र डिसेंबर २०१८ पासून वाराणसीत आहे, तिथे रेल्वेने जाता येते. इस्रायलच्या सहकार्याने उभे राहिलेले आंब्याचे गुणवत्ता केंद्र दापोलीत आहे. जुन्या बागांची छाटणी आणि घन लागवड तिथे पाहता येते.

याचा अर्थ परदेशी दौरे बंद करावेत असा नाही. वाण, छाटणी, ठिबक यांसारखे तंत्र आता बहुतांशी देशातच पाहायला मिळते, काही मोबाइलवरही. देशाबाहेर जाऊन पाहण्यासारखी असते ती व्यवस्था. बाजार कसा चालतो, प्रतवारी कोण करते, माल नाकारला तर नुकसान कोणाचे, शेतकऱ्यांच्या संस्थेत हिशेब कसा दाखवला जातो, पाण्याचे वाटप कसे होते, या गोष्टी चित्रफितीत दिसत नाहीत. आधी कर्जत-दापोली, मग लॉस बान्योस, असा क्रम लावला तर परदेशातील शास्त्रज्ञाला नेमका प्रश्न विचारता येतो.

व्हिसा पर्यटनाचा की व्यवसायाचा?

मिश्र स्वरूपाच्या दौऱ्यात हा घोळ हमखास होतो. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसामुक्त प्रवेश दिला. फिलिपिन्सने जून २०२५ पासून १४ दिवसांसाठी तशीच सवलत दिली, मात्र ती पर्यटनासाठी आहे. व्हिएतनामचा ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंत मिळू शकतो. चीनमध्ये पर्यटनासाठी ‘एल’ आणि देवाणघेवाण, भेटी, अभ्यास दौऱ्यांसाठी ‘एफ’ असे वेगळे प्रकार आहेत. युरोपच्या शेंगेन व्हिसाचे प्रौढांसाठीचे शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, शिवाय किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. अर्जात प्रवासाचा मुख्य हेतू लिहावा लागतो.

नियम सोपा आहे. कार्यक्रमपत्रिकेत जे आहे तेच अर्जात लिहावे. संस्था आणि कंपन्यांच्या भेटी असतील तर त्यांची निमंत्रणपत्रे जोडावीत. विमानतळावर अधिकाऱ्याने विचारले आणि गटातील एकाने ‘फिरायला’, दुसऱ्याने ‘कंपनीच्या कामाला’ असे सांगितले, तर अडचण सगळ्या गटाची होते.

पैसे भरण्यापूर्वी काय विचारावे?

पहिले, भेट देणार असलेल्या शेतांची आणि संस्थांची नावे. ‘आधुनिक शेताला भेट’ एवढेच लिहिलेले असेल तर ते पुरेसे नाही. दुसरे, प्रत्येक भेटीला किती तास. बसमधून उतरून छायाचित्र काढेपर्यंतच्या वेळाला भेट म्हणत नाहीत. तिसरे, दुभाषा. मराठी किंवा निदान हिंदीत शेतीचे शब्द समजावणारा माणूस सोबत नसेल, तर अर्धा दौरा माना डोलावण्यात जातो. चौथे, हंगाम. आपल्याला जे पाहायचे ते पीक त्या महिन्यात तिथे शेतात उभे असेल का? आणि आपल्याकडे तेव्हा लावणी किंवा कापणी तर नाही ना? पाचवे, दौरा रद्द झाला तर किती पैसे परत मिळतात, हे लेखी. युद्ध, साथ, व्हिसा नाकारला जाणे ही कारणे अलीकडच्या वर्षांत काल्पनिक राहिलेली नाहीत.

यातील बहुतेक माहिती निवड झाल्यावर मागण्याचा शेतकऱ्याला पूर्ण हक्क आहे. कोणाची निवड झाली, किती खर्च झाला, कोणत्या भेटी प्रत्यक्षात झाल्या, हे माहिती अधिकार कायद्याखाली कोणत्याही नागरिकाला विचारता येते.

परतल्यानंतर पुढे काय?

या योजनेचा सर्वांत कच्चा दुवा इथे आहे. दौरा यशस्वी झाला की नाही हे किती शेतकरी गेले आणि किती अनुदान वाटले यावरून मोजले, तर प्रत्येक दौरा यशस्वीच ठरणार. पण सरकारी पैसा एका माणसावर खर्च होतो तो त्याच्या गावासाठी. जिल्ह्यातून मोजकेच शेतकरी जातात, मागे हजारो राहतात. त्यांच्यापर्यंत काय पोहोचले, हेच मोजमाप असायला हवे.

त्यासाठी मोठा निधी लागत नाही. परतलेल्या शेतकऱ्याने ग्रामसभेत तासभर बोलावे, काय उपयोगी आहे आणि काय आपल्याकडे चालणार नाही हेही सांगावे. कृषी विभागाने प्रत्येक दौऱ्याचा अहवाल मराठीत, भेटींच्या तपशिलासह खुला करावा. परतलेल्या शेतकऱ्यांना कर्जत, पनवेलच्या संशोधन केंद्रांशी जोडून एखाद्या गुंठ्यावर तरी प्रयोग करून पाहावा आणि दोन हंगामांनी त्याचे काय झाले ते नोंदवावे. फसलेला प्रयोगही उपयोगाचा असतो; तो शेजारच्या दहा जणांचे पैसे वाचवतो.

पनवेल तालुक्यात यासाठी वेळ फार उरलेला नाही. विमानतळ, ‘नैना’ आणि अटल सेतूमुळे इथल्या जमिनीचा भाव पिकाच्या भावाशी कधीच फटकून गेला आहे. जमीन विकायची की राखायची हा निर्णय अनेक घरांत याच दशकात होईल. राखणाऱ्यांना त्या जमिनीतून काय कमावता येईल याचे पटणारे उदाहरण हवे आहे. ते व्हिएतनामच्या खाऱ्या शेतात सापडेल किंवा पनवेलच्याच संशोधन केंद्रात. अनुदानाचा हिशेब त्यावरच व्हायला हवा.